गडाच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला?

‘नायरा एनर्जी’ ही मुंबईत मुख्यालय असलेली तेलकंपनी. गुजरातमधील वाडिनार येथील तिच्या प्रकल्पाची क्षमता वर्षाला दोन कोटी टन कच्चे तेल शुद्ध करण्याची आहे आणि देशभरात तिचे सहा हजारांहून अधिक पेट्रोलपंप आहेत. २०२५ सालच्या जुलै महिन्यात या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना आपला कार्यालयीन ई-मेल एकाएकी उघडेनासा झाला. यंत्रे बिघडली नव्हती, वीज गेली नव्हती, कोणी चोर शिरला नव्हता. या कंपनीत रशियाच्या ‘रोसनेफ्ट’चा ४९.१३ टक्के वाटा आहे आणि तेवढ्या कारणावरून युरोपीय संघाने १८ जुलै रोजी तिचे नाव आपल्या निर्बंधांच्या यादीत घातले होते. हे निर्बंध संयुक्त राष्ट्रसंघाचे नव्हते, भारताच्या संसदेचे तर नव्हतेच. तरीही अमेरिकेतील मायक्रोसॉफ्टने भारतातील या भारतीय कंपनीची सेवा थांबविली. सेवेचे सर्व शुल्क भरलेले असतानाही ती तोडली गेली, अशी तक्रार घेऊन कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली आणि वृत्तपत्रांच्या दृष्टीने विषय संपला.

वास्तविक विषय तेथूनच सुरू व्हायला हवा होता. घर आपले, भिंती आपल्या, घरातील सामान आपले, भाडेही वेळेवर भरलेले; परंतु दाराची किल्ली सातासमुद्रापलीकडे बसलेल्या कोणाच्या कमरेला आहे, याचा उलगडा दार बंद झाल्यावर झाला. एवढ्या मोठ्या उद्योगाची ही स्थिती असेल, तर भोसरी, चाकण, वाळूज, अंबड किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत पन्नास-शंभर माणसांना काम देणाऱ्या कारखानदाराची काय कथा? त्याला न्यायालयात जाण्यासाठी लागणारे मनुष्यबळही नाही आणि तोवर तग धरण्याची आर्थिक ताकदही नाही. कंपनीने कर्मचाऱ्यांच्या हाती दिलेल्या फोनचे आणि लॅपटॉपचे नियम कोणी ठरवायचे, कसे ठरवायचे आणि त्या नियमांची किल्ली कोणी सांभाळायची, हा प्रश्न म्हणूनच केवळ संगणक विभागाचा राहिलेला नाही. तो उद्योजकाच्या स्वातंत्र्याचा, कामगाराच्या प्रतिष्ठेचा आणि पर्यायाने राष्ट्रहिताचा प्रश्न झाला आहे.

एका कळीची सत्ता

हे नियम प्रत्यक्षात आणणाऱ्या व्यवस्थेला ‘मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट’ किंवा थोडक्यात ‘एमडीएम’ म्हणतात. तिचे स्वरूप समजण्यास अवघड नाही. कंपनीचा प्रत्येक फोन आणि लॅपटॉप एका मध्यवर्ती व्यवस्थेत नोंदविला जातो. त्यानंतर व्यवस्थापक आपल्या जागेवरून ठरवू शकतो की, पासवर्ड किती अक्षरी असावा, कोणती ॲप चालावीत, पेनड्राइव्ह लावता यावा की नाही, डिस्कवरील मजकूर कूटबद्ध असावा की नाही, सुरक्षाविषयक दुरुस्त्या किती दिवसांत बसाव्यात. फोन हरवला तर तो दुरूनच कुलूपबंद करता येतो किंवा त्यातील सारी माहिती पुसून टाकता येते. शंभर यंत्रांवर एका कळीसरशी हुकूम चालतो.

जेथे एवढी सत्ता एकवटते, तेथे शत्रूची नजर जाणारच. २०१८ सालच्या जुलैमध्ये ‘सिस्को टॅलोस’ या संशोधन गटाने भारतातील एक हल्ला उघडकीस आणला. त्यात केवळ १३ आयफोन लक्ष्य केले गेले होते. परंतु शस्त्र होते ते हेच. कोणी तरी स्वतःची एमडीएम व्यवस्था उभारून ते फोन तिच्यात नोंदवून घेतले आणि व्हॉट्सॲप, टेलिग्राम यांच्या जागी आतून फेरफार केलेली ॲप बसवून संदेश चोरले. ॲपलची भक्कम समजली जाणारी तटबंदी फोडावी लागली नाही; दरवाजाच आतून उघडून घेतला गेला. २०२१ सालच्या जुलैमध्ये अमेरिकेतील ‘कसेया’ या कंपनीच्या दूरस्थ व्यवस्थापन प्रणालीत शिरून खंडणीखोरांनी जगभरातील ८०० ते १,५०० उद्योगांची यंत्रे बंद पाडली. स्वीडनमधील ‘कूप’ या साखळीला आपली शेकडो किराणा दुकाने बंद ठेवावी लागली; कारण गल्ल्यावरची यंत्रे चालेनात. ज्या मार्गाने रक्षणाचा हुकूम जात होता, त्याच मार्गाने विनाशाचा हुकूम गेला.

आणि शत्रू नसला तरी चूक पुरेशी असते. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीची एक सदोष सुधारणा एकाच वेळी जगभर पाठविली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दुरुस्तीसाठी असंख्य ठिकाणी एकेका यंत्रापाशी जाऊन त्याची कूटकिल्ली हाताने भरावी लागली; आणि ज्यांनी त्या किल्ल्यांची यादी बंद पडलेल्या यंत्रांतच ठेवली होती, त्यांची अवस्था चावी पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावणाऱ्यासारखी झाली.

या तीन घटनांचा अर्थ ही व्यवस्था नको असा नाही. तलवार घातक आहे म्हणून सैन्याने ती टाकून द्यायची नसते. अर्थ एवढाच की, ती कोणाच्या हाती द्यायची, कोणत्या मर्यादेत चालवायची आणि रात्री कोणत्या खोलीत ठेवायची, हे धन्याने स्वतः ठरविले पाहिजे.

दुसऱ्याने लिहिलेले धोरण

मराठी उद्योजकांच्या जगात आज दोन टोके दिसतात. एक टोक बेफिकिरीचे. कंपनीचा लॅपटॉप म्हणजे कर्मचाऱ्याला दिलेली भेटवस्तू. त्यावर मुलांचे खेळ, चोरीचे सॉफ्टवेअर आणि ग्राहकाचे गोपनीय आराखडे सुखाने एकत्र नांदतात. वाहन उद्योगातील किंवा संरक्षण उत्पादनातील एखाद्या मोठ्या कंपनीचे सुट्या भागांचे रेखाचित्र व्हॉट्सॲपवरून कार्यशाळेतील दहा जणांच्या खासगी फोनवर पोहोचते. त्यांतला एक जण नोकरी सोडतो, दुसऱ्याचा फोन एसटीत विसरतो, तिसरा आपला जुना फोन विकून नवा घेतो. रेखाचित्र कोठवर गेले, हे कोणालाच सांगता येत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ संपले. पण आपल्या कार्यालयातील किती यंत्रे त्याच प्रणालीवर चालतात, हे मालकाला ठाऊक नसते, कारण यंत्रांची यादीच कोणी केलेली नसते.

दुसरे टोक अंधानुकरणाचे. परदेशी कंपनीचे पॅकेज घेतले, तिच्या प्रतिनिधीने दोन तासांत सर्व बसवून दिले आणि जे पर्याय मुळातच निवडलेले होते तेच ‘आमचे धोरण’ म्हणून स्वीकारले. त्या पर्यायांत कर्मचाऱ्याचे स्थान अहोरात्र नोंदवायचे का, माहिती कोणत्या देशातील सर्व्हरवर ठेवायची, सर्वाधिकार कोणाच्या खात्याला, या प्रश्नांची उत्तरे कोणा अज्ञात माणसाने अज्ञात समाजाचा विचार करून आधीच दिलेली असतात. मालकाने केवळ ‘सहमत’ असे बटण दाबलेले असते. वैचारिक दास्य म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

वरवर ही दोन टोके परस्परविरुद्ध वाटली, तरी त्यांचे मूळ एकच आहे. दोन्हींत उद्योजकाने स्वतः विचार करण्याचे नाकारले आहे.

गडावरील कारभार

विचार कसा करायचा, याचा वस्तुपाठ महाराष्ट्राला बाहेरून आणण्याची गरज नाही. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या दुर्गव्यवस्थेचे वर्णन आहे. गडावर एकच सर्वाधिकारी नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे बरोबरीचे अधिकारी असत आणि कोठार व सामानसुमान पाहण्यास कारखानीस असे. कारभार एकमेकांच्या संमतीने चालावा, एक फितूर झाला तरी गड जाऊ नये, ही त्यामागील योजना. गड तर त्या काळी राज्याचे सार मानला जाई. त्याची मदार एका माणसाच्या इमानावर ठेवणे महाराजांना मान्य नव्हते.

आजच्या कारखान्यात मात्र नेमके उलटे घडते. संगणकाचे सर्व काम पाहणारा एखादा तरुण असतो. सर्वाधिकाराचे खाते त्याच्याच नावावर, तेही पुष्कळदा त्याच्या खासगी ई-मेलवर उघडलेले. ॲपलच्या फोनचे व्यवस्थापन करण्यासाठी एक प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. ज्या खात्यातून ते घेतले, त्याच खात्यातून नूतनीकरण झाले पाहिजे. अन्यथा प्रत्येक फोन हाती घेऊन त्याची नव्याने नोंदणी करावी लागते. तो तरुण नोकरी सोडून गेला की, त्या प्रमाणपत्राबरोबर कंपनीचे सारे फोनही त्याच्या मागे निघून जातात. यात त्याचा दोष नसतो. एकट्याच्या हाती किल्ल्या देणाऱ्याचा असतो.

म्हणून धोरणाचे पहिले कलम यंत्रांविषयी नसून माणसांविषयी असावे. सर्वाधिकाराची खाती कंपनीच्या नावे असावीत. ती किमान दोघांकडे असावीत आणि दोघांनीही दुहेरी पडताळणीशिवाय आत जाऊ नये. शंभर फोन पुसण्यासारखा हुकूम एकाच्या बोटाने सुटू नये. त्यास दुसऱ्याची मान्यता लागावी. अडीअडचणीसाठी एक राखीव खाते आणि लॅपटॉपच्या कूटकिल्ल्यांची छापील यादी मोहोरबंद पाकिटात घालून मालकाच्या लोखंडी कपाटात ठेवावी. कोणी काय बदल केला याची नोंद राहावी आणि ती नोंद बदल करणाऱ्याच्याच ताब्यात नसावी. सबनीस आणि हवालदार वेगळे असण्यामागील शहाणपण ते हेच.

त्यानंतर यंत्रांची कलमे येतात आणि ती फार नाहीत. प्रत्येक यंत्राची नोंद: ते कोणाकडे, केव्हापासून, कोणत्या प्रणालीचे. डिस्क कूटबद्ध केल्याशिवाय लॅपटॉप कार्यालयाबाहेर जाऊ नये. रोजच्या कामाच्या खात्याला नवे सॉफ्टवेअर बसविण्याचा अधिकार असू नये. हे एक बंधन पुष्कळशा उपद्रवाला दारातच अडविते. सुरक्षाविषयक दुरुस्त्या आधी पाच-दहा यंत्रांवर बसवाव्यात, ती नीट चालतात असे दिसल्यावर उरलेल्यांवर. ८५ लाख यंत्रांच्या गोंधळाने दिलेला हा धडा आहे. कर्मचारी नोकरी सोडतो त्या दिवशी यंत्र परत घेणे, खाती बंद करणे आणि फोनवरील त्याचे खासगी खाते काढून टाकणे ही तीन कामे हिशेब चुकता करण्याआधी व्हावीत.

आणि हे सारे मराठीत लिहिलेले असावे. कार्यशाळेतील पर्यवेक्षकाला इंग्रजीतील चाळीस पानी करारावर सही करायला लावणे म्हणजे धोरण नव्हे. त्याला दोन पानांत, त्याच्या भाषेत, काय करायचे आणि का करायचे हे सांगितले, तर तोच त्या नियमांचा पहारेकरी होतो.

हिरकणीचा धडा

रायगडाविषयी हिरकणीची आख्यायिका प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे मूल असलेली गवळण कडा उतरून गेली. दुसऱ्या दिवशी हे महाराजांना कळले, तेव्हा त्यांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा गौरव केला आणि ज्या जागेने ती उतरली तेथे बुरूज बांधून वाट बंद केली. मातृप्रेमाची कथा म्हणून ती सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात राज्यकारभाराचेही सूत्र आहे. तटातील खिंडार ज्याच्यामुळे कळले, त्याला दंड नव्हे, मान द्यायचा. आणि खिंडार त्याच दिवशी बुजवायचे.

फोन हरवला तर पगारातून कापले जाईल, या भीतीने कर्मचारी चार दिवस गप्प बसतो. त्या चार दिवसांत फोनमधील सर्व काही परक्याच्या हाती गेलेले असते. कायद्यालाही हा उशीर मान्य नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. जो कर्मचारी अर्ध्या तासात फोन करून ‘साहेब, माझ्याकडून चूक झाली’ असे सांगतो, तो कंपनीला वाचवितो. त्याच्यासाठी धोरणात शिक्षेचे नव्हे, तर अभयाचे कलम हवे.

कामगार हा भागीदार, संशयित नव्हे

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. हे व्यवस्थापन म्हणजे मालकाच्या हाती दिलेला हेर आहे, अशी भीती कामगारांच्या मनात असते आणि ती निराधार नाही. पूर्णपणे कंपनीच्या नियंत्रणाखाली असलेल्या फोनवर ॲपची यादी दिसते, स्थान दिसू शकते. रात्री दहा वाजता एखादी कर्मचारी भगिनी कोठे आहे, हे जाणण्याचा अधिकार तिच्या व्यवस्थापकाला कोणी दिला? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. गोपनीय माहितीची चोरी टाळण्यासारख्या कारणांसाठी कर्मचाऱ्यांची माहिती वापरण्याची मुभा हा कायदा मालकाला देतो. परंतु ती मुभा सरसकट पाळतीची नाही. उलट माहितीचे पुरेसे रक्षण न करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

तंत्रज्ञानाने यावर मार्ग दिलेला आहे. अँड्रॉइड फोनवर २०१४ पासून कामाचा कप्पा आणि खासगी कप्पा वेगळा करता येतो. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर कामाचा कप्पा उघडला, तर कंपनीची सत्ता त्या कप्प्यापुरतीच चालते. घरच्यांची छायाचित्रे आणि खासगी संदेश तिच्या नजरेस पडत नाहीत. नोकरी सुटली की, कामाचा कप्पा तेवढा पुसला जातो. हा पर्याय उपलब्ध असताना कर्मचाऱ्याच्या खासगी फोनचा संपूर्ण ताबा मागणारा मालक सुरक्षेच्या नावाखाली हाव दाखवितो, असेच म्हणावे लागेल. स्थानाची नोंद फक्त कंपनीच्या मालकीच्या यंत्रांवर, कामाच्या वेळेत आणि कर्मचाऱ्याला तसे आधी सांगूनच व्हावी, ही मर्यादा धोरणात स्पष्ट शब्दांत लिहिली पाहिजे. मर्यादा धन्याने स्वतःवर घालून घेतली, तरच नियमाला नैतिक बळ येते.

वर्धा जिल्ह्यातील आर्वी येथे जन्मलेल्या दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघाची आणि १९९१ साली स्वदेशी जागरण मंचाची स्थापना केली. एकाच द्रष्ट्या पुरुषाने ही दोन्ही कामे हाती घ्यावीत, हा योगायोग नव्हता. मालक आणि मजूर हे शत्रू नसून एका उद्योग परिवाराचे घटक आहेत, ही पहिल्या कामामागील श्रद्धा; आणि तो परिवार परक्याच्या मर्जीवर जगू नये, ही दुसऱ्यामागील. यंत्रांच्या नियमांना हे दोन्ही निकष एकाच वेळी लागू पडतात. कामगाराला संशयित मानणारे स्वदेशी जेवढे अपुरे, तेवढेच कामगाराला जपणारे पण किल्ली परदेशी ठेवणारे धोरण अपुरे.

टोपीकरांचे खावंद

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त युरोपीय व्यापाऱ्यांविषयी जे सांगून ठेवले, ते आज पुन्हा वाचण्याजोगे आहे. हे टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत. यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, असा त्या विवेचनाचा गाभा. मात्र त्यांचा व्यापारच बंद करावा, असे अमात्य म्हणत नाहीत. व्यापार करू द्यावा, पण समुद्रकाठी आणि खाडीच्या तोंडाशी वखारीस जागा देऊ नये, हा त्यांचा सल्ला. म्हणजे सौदा करावा. परंतु जेथून राज्याचा श्वास चालतो ती जागा हाती देऊ नये.

अमेरिकेने २०१८ साली ‘क्लाउड ॲक्ट’ नावाचा कायदा केला. अमेरिकी कंपनीच्या ताब्यातील माहिती जगात कोठेही साठविलेली असो, रीतसर हुकूम निघाल्यास ती अमेरिकी शासनापुढे ठेवावी लागेल, असे तो कायदा सांगतो. कंपनी वाईट असते असे नव्हे. तिला तिच्या देशाचा कायदा पाळावाच लागतो. तिच्या पाठीशी तिचे खावंद उभे असतात, एवढेच. नायराच्या प्रकरणात दिसले ते याच गोष्टीचे आधुनिक रूप.

मग पर्याय काय? पर्याय आहेत आणि ते घराजवळ आहेत. चेन्नईच्या ‘झोहो’ची ‘मॅनेजइंजिन’ ही शाखा यंत्रव्यवस्थापनाची साधने जगभर विकते. बेंगळुरूची ‘फॉर्टीटू गिअर्स’ हेच काम करते. पुण्यातून ‘स्केलफ्यूजन’ चालते. रहिमतपूरच्या मातीतून आलेल्या आणि पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणाऱ्या कैलास काटकर यांनी बंधू संजय यांच्यासह उभारलेल्या ‘क्विक हील’ची ‘सेक्राइट’ ही शाखा उद्योगांच्या यंत्रांचे रक्षण करते. केंद्र सरकारच्या व्यवस्थेतील सुमारे १२ लाख ई-मेल खाती ‘झोहो’च्या प्रणालीवर नेण्यात आल्याचे २०२५ साली जाहीर झाले. ‘स्वदेशी म्हणजे दुय्यम’ या जुन्या न्यूनगंडाला याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नसावी. अमेरिकेने महासंगणक नाकारला, तेव्हा १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ उभी राहिली आणि १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला, हा इतिहास फार जुना नाही.

मात्र स्वदेशीचा अभिमान डोळस हवा. भारतीय कंपनीचे साधन घेतले म्हणजे काम संपले, असे मानणे ही स्वतःची फसवणूक ठरेल. ते साधन आपली माहिती कोणत्या देशातील सर्व्हरवर ठेवते, हे विक्रेत्याला लेखी विचारले पाहिजे. शिवाय साधन स्वदेशी असले, तरी त्याखालची जमीन अद्याप परक्याचीच आहे. आयफोनला द्यायच्या हुकुमाची सूचना ॲपलच्या निरोप्यामार्फत जाते. अँड्रॉइडचे व्यवस्थापन गुगलने आखलेल्या चौकटीत चालते. लॅपटॉपवर बहुतांशी विंडोजच असते. ‘सी-डॅक’ने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली केली, संरक्षण मंत्रालयाने २०२३ साली ‘माया’ प्रणाली अंगीकारण्यास आरंभ केला. ही पावले योग्य दिशेची आहेत, पण वाट लांबची आहे. ती चालून होईपर्यंत एक नियम प्रत्येकाला पाळता येईल. ई-मेल, माहितीचा साठा आणि यंत्रांचे व्यवस्थापन या तिन्ही किल्ल्या एकाच परदेशी जुडग्यात ठेवू नयेत. ई-मेलचे ज्या खात्यावर चालते, त्याच खात्यावर लॅपटॉपही उघडत असेल, तर एक दार बंद होताच घर बंद होते. कामाच्या कागदपत्रांची एक प्रत आपल्याच आवारात, आपल्याच यंत्रावर असावी. आणि वर्षातून एकदा, एका सुटीच्या दिवशी, परदेशी सेवा बंद आहे असे गृहीत धरून कारखाना कसा चालेल याची रंगीत तालीम करावी. ती तालीम फसली, तरी लाभच आहे. कारण खिंडार कोठे आहे ते शत्रूच्या आधी आपल्याला कळले.

एवढे सर्व करण्यास छोट्या उद्योजकाला वेळ कोठून मिळणार, असे म्हटले जाते. परंतु रोज संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाला कुलूप लावण्यास, रखवालदाराच्या वहीत नोंद करण्यास आणि तिजोरीची चावी स्वतःकडे ठेवण्यास त्याला वेळ मिळतोच. फाटकातून जाणाऱ्या प्रत्येक पेटीची झडती घेणारा मालक खिशातून जाणाऱ्या सगळ्या आराखड्यांकडे पाहत नाही, याचे कारण वेळ नाही हे नसून ते चोरीस जाताना डोळ्यांना दिसत नाहीत हे आहे. औद्योगिक वसाहतींतील संघटना, सहकारी बँका, लघुउद्योजकांची मंडळे यांनी एकत्र येऊन मराठीत एक आदर्श धोरण तयार केले, तर प्रत्येकाचा भार हलका होईल. सहकाराच्या या भूमीत ते अशक्य नाही.

दरवर्षी खंडेनवमीला महाराष्ट्रातील कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. लेथला झेंडूची माळ घालतात, ड्रिलवर हळदकुंकू वाहतात. अलीकडे कार्यालयातील लॅपटॉपही त्या ओळीत मांडले जातात. परंपरा काळानुरूप जिवंत राहते, याचे ते सुंदर लक्षण आहे. परंतु आपल्या पूर्वजांची शस्त्रपूजा केवळ फुले वाहण्यापुरती नव्हती. त्याआधी शस्त्रे मोजली जात, घासूनपुसून पारखली जात, गंजलेली बाजूला काढली जात. येत्या खंडेनवमीला प्रत्येक उद्योजकाने पूजेआधी तेवढे करावे. माळ घालण्यापूर्वी यंत्रे मोजावीत आणि प्रत्येकापाशी थांबून एकच प्रश्न स्वतःला विचारावा: याची किल्ली कोणाच्या कमरेला आहे? ज्याचे उत्तर देता येईल, तेच यंत्र खऱ्या अर्थाने आपले.